सेलूचे प्रमाणित डॉल्फिन

डॉल्फिनच्या पोटावर हनुवटीपासून शेपटीपर्यंत एक सरळ रेघ असते. ही रेघ ०.५ मिलिमीटर रुंद असेल तर डॉल्फिन खरा, आणि त्याहून बारीक असेल तर खोटा. (हे जिवंत डॉल्फिनला लागू नाही. जिवंत डॉल्फिनच्या पोटावर अशी रेघ नसते, त्यामुळे आमच्या नियमावलीनुसार तो तपासणीलाच अपात्र आहे.)

कोणत्याही वस्तूचा खरेपणा वरून पाहू नये, हे तत्त्व सेलूला नवे नाही. बाजारात कापसाची गाडी आली की वरचा पांढराशुभ्र थर कोणी बघत नाही. पारखी माणूस कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर कापूस बाहेर काढतो, दोन बोटांत धागा ओढतो आणि गाडीवानाच्या तोंडाकडे न बघता भाव सांगतो. ज्या गावाला ही विद्या पिढ्यान् पिढ्या येते, त्या गावात डॉल्फिन तपासणारी जिल्ह्यातील पहिली समिती निघाली, यात नवल नाही. नवल एवढेच, की ती निघायला दोन वर्षे लागली.

ज्यांच्या घरी अजून डॉल्फिन नाही अशा वाचकांसाठी थोडी माहिती देते. 'सागरसखा' हे सात सेंटिमीटर लांबीचे, निळसर राखाडी रंगाचे खेळणे आहे. खेळणे म्हणायचे ते सवयीने. त्याच्याशी खेळायचे नसते. ते बंद खोक्यात येते. खोके उघडायचे नसते, आणि उघडलेच तर डॉल्फिन काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना लांबून दाखवायचा असतो. सोबत तीन घड्यांचे पत्रक असते. मासे धरताना जाळ्यात चुकून डॉल्फिनही सापडतात आणि मरतात, त्यांच्या रक्षणासाठी ही मालिका काढली आहे, असे पहिल्या घडीवर लिहिले आहे. दुसऱ्या घडीवर चित्रे आहेत. तिसऱ्या घडीवर, अगदी लहान अक्षरांत, प्रत्येक सागरसखा हा समुद्रातून काढलेली जुनी नायलॉनची जाळी वितळवून भरीव ओतलेला आहे, असे म्हटले आहे. सेलूत हे पत्रक साधारणपणे दुसऱ्या घडीपर्यंत वाचले जाते.

मागणी किती वाढली याची आकडेवारी माझ्याकडे नाही. पण माझ्या भाचीसाठी, अपेक्षासाठी, मानवतहून एका मुलाची माहिती आली होती, तिच्यात 'उंची', 'शिक्षण' आणि 'शेती' यांच्या खाली 'सागरसखा : दोन (प्रमाणित)' असा रकाना होता. सर्वांना स्थळ पसंत पडले. (मुलाला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नाहीत. तो रकाना नव्हता.)

डॉल्फिन आले म्हणजे खोटे डॉल्फिन आलेच. म्हणून 'सेलू तालुका सागरसखा सत्यता पडताळणी समिती' स्थापन झाली. अध्यक्ष तात्याराव. त्यांचे जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना, आणि समितीची बैठक तिथल्या कार्यालयात भरते. पारखी सदस्य व्यंकटराव. यांचा हात चाळीस वर्षे कापसात आहे. सचिव बन्सीधरशेठ, गावात सागरसखा फक्त यांच्याच दुकानात मिळतो, त्यामुळे त्यांच्याइतका विषयाचा अभ्यास कोणाचा नाही. दत्तराव हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले सदस्य. ते जिंतूरला मुलीकडे राहतात आणि फोनवरून मत देतात. त्यांचे मत नेहमी बहुमतासोबत असते, त्यामुळे बहुमत झाल्याखेरीज त्यांना मत देता येत नाही. पाचवी मी. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. डॉल्फिन हा प्राणी असल्यामुळे मला घेण्यात आले.

आता नमुन्याविषयी. कापसाच्या हंगामात मुहूर्ताच्या पहिल्या गाडीला हार घालतात, नारळ फोडतात, गाडीवानाच्या खांद्यावर उपरणे टाकतात. त्या गाडीतला मूठभर कापूस निळ्या कागदात गुंडाळून नमुना म्हणून ठेवला जातो आणि पुढे येणारा माल त्या नमुन्याशी ताडून पाहिला जातो. नमुना कशाशी ताडून पाहायचा, असा प्रश्न आजवर कोणाला पडलेला नाही. पडला तरी हार घातल्यानंतर तो विचारत नाहीत.

आमच्या समितीनेही हाच शिरस्ता पाळला. पहिल्या बैठकीत तात्यारावांनी स्वतःच्या कपाटातला डॉल्फिन टेबलावर ठेवला. तो त्यांच्या जावयांनी पुण्याहून आणला होता. (एका सिग्नलला गाडी थांबली असताना त्यांनी तो खिडकीतून घेतला. लगेच सिग्नल सुटला, त्यामुळे पावती नाही आणि खोकेही नाही.) त्याला झेंडूचा छोटा हार घालण्यात आला, नारळ फुटला, आणि तो निळ्या कागदात गुंडाळून नमुना म्हणून रुजू झाला.

सत्यतेचे सर्व निकष या नमुन्यावरून काढले आहेत. त्याच्या पोटावरची रेघ ०.५ मिलिमीटर आहे, म्हणून खऱ्या डॉल्फिनची रेघ ०.५ मिलिमीटर. त्याच्या डाव्या डोळ्याचा रंग गालावर थोडा ओघळला आहे, म्हणून खऱ्या डॉल्फिनच्या डोळ्याचा रंग ओघळलेला असावा. हे हातकामाचे लक्षण मानावे. नाकाशी धरल्यास रॉकेलचा वास यावा. खोके असल्यास त्यावर किमतीची चिठ्ठी असावी (ही अट बन्सीधरशेठ यांनी सुचवली). याशिवाय दोन निकष गोपनीय आहेत आणि तेही डोळ्याविषयीच आहेत.

शेवटचा निकष पाण्याचा. पहिल्या बैठकीत तात्यारावांनी स्टीलच्या पातेल्यात पाणी मागवले आणि नमुना त्यात सोडला. तो तरंगला.

"पोहायलाय की बगा!" तात्याराव म्हणाले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीधरशेठ यांनी इतिवृत्तात नोंद केली : पाण्यावर तरंगतो तो खरा, बुडतो तो खोटा.

नायलॉनची घनता १.१४ आहे. म्हणजे ते पाण्याहून जड असते आणि भरीव असेल तर बुडते. मी पत्रकाची तिसरी घडी घरी वाचून आले होते. मी वहीत 'तरंगला' असे लिहिले आणि पूर्णविराम दिला. निरीक्षण आणि निष्कर्ष यांच्यात अंतर ठेवावे, असे मला शिकवलेले आहे. ते अंतर किती असावे, हे शिकवलेले नाही.

त्यानंतर बन्सीधरशेठ यांनी नमुन्याचे फोटो पाठवून अगदी तसाच माल मागवला. तो आला, आणि तो सर्व निकषांत उत्तीर्ण झाला. इतका एकसारखा खरा माल आपण चाळीस वर्षांत पाहिला नाही, असे व्यंकटराव म्हणाले. ते असे म्हणताना खिडकीबाहेर बघत होते.

तिसऱ्या बैठकीत समितीने नैतिक प्रश्न हाती घेतला. हे मी विशेष अभिमानाने सांगते, कारण बाकी तालुक्यांत केवळ संग्रह चालतो, विचार होत नाही. विषय क्रमांक चार असा होता : मासेमारीच्या अनुषंगाने जाळ्यात सापडून डॉल्फिन मरतात, ही बाब अत्यंत निंदनीय असून सेलू तालुक्याच्या हद्दीत असे कृत्य करण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. सेलूपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे, तरी ठरावाचा परिणाम तातडीने दिसला. त्या वर्षी तालुक्यात जाळ्यात सापडून मेलेल्या डॉल्फिनांची संख्या शून्यावर आली. (आदल्या वर्षीही ती शून्य होती, पण त्यामागे धोरण नव्हते.)

विषय क्रमांक पाच त्याच दिवशी होता. खोटे डॉल्फिन पकडताना चुकून एखादा खरा सापडून नष्ट झाला, तर काय?

"आता जाळं टाकलं म्हणल्यावर एखादा येनारच," तात्याराव म्हणाले.

"कडता धरा की," व्यंकटराव म्हणाले. कडता म्हणजे मालात माती आणि ओल असणारच असे गृहीत धरून आधीच कापून घेतलेले वजन. "क्विंटलमागं दोन किलो धरायलोतच की आपन कापसाला. कुनी मेलं का त्याच्यानं?"

शेकडा दोन खरे डॉल्फिन चुकून नष्ट होण्यास मान्यता देण्यात आली. समुद्रात निंदनीय आणि सेलूत शेकडा दोन, असे दोन्ही ठराव इतिवृत्तात एकाच पानावर आहेत. त्यांत विसंगती आहे असे कोणी म्हटले नाही. मी दोन्ही वेळा हात वर केला होता. (दुसऱ्या वेळी कोपरापर्यंत.)

खोटा ठरलेला डॉल्फिन रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसमध्ये नष्ट केला जातो. सुटी रुई दाबून विटेसारखी घट्ट करणारे हे यंत्र आहे. डॉल्फिन त्यातून कागदासारखा पातळ होऊन निघतो. सपाट झाल्यावर खरा आणि खोटा हा भेद उरत नाही, त्यामुळे कोणाच्या मनात शंका राहत नाही. इतर पद्धतींत ही सोय नाही.

समितीच्या कामाचा आढावा असा : तपासलेले नग दोनशे त्रेचाळीस. प्रमाणित दोनशे बारा, सर्व बन्सीधरशेठ यांच्या दुकानातले. प्रेसमध्ये गेलेले एकतीस. हे कोणाच्या मुलाने बंगळूरहून, कोणाच्या दिराने मुंबईहून आणलेले होते. एकतीसच्या एकतीस पाण्यात बुडाले. चुकून नष्ट झालेले खरे डॉल्फिन : शून्य. तशी तक्रार घेऊन एकही डॉल्फिन समितीकडे आला नाही.

इथवर सर्व सुरळीत होते. मग आठवडी बाजारात दगडाबाईंचा डॉल्फिन सापडला.

दगडाबाई दुधनेच्या धरणातले मासे विकतात. रोहू, कटला, कधी मरळ. त्यांच्या टोपलीशेजारी पाटीवर एक सागरसखा उभा होता. मासे विकण्याच्या जागी डॉल्फिनची प्रतिमा असणे हेच मुळात संशयास्पद. शिवाय प्रमाणपत्र नव्हते. बन्सीधरशेठ यांनी तो तिथेच ताब्यात घेतला आणि त्याला नग क्रमांक दोनशे चव्वेचाळीस दिला. पुढच्या बैठकीला दगडाबाई टोपली घेऊन हजर झाल्या. टोपली दाराबाहेर ठेवावी अशी त्यांना विनंती करण्यात आली. त्या टोपलीसकट दारात बसल्या.

रेघ मोजली : ०.३. डोळ्याचा रंग ओघळलेला नव्हता. वास आला, पण तो मरळीचा होता. किमतीची चिठ्ठी नव्हतीच.

"हा घेतला कुठून?" बन्सीधरशेठ यांनी विचारले.

"घेतलेला न्हाई. मपल्या लेकाला दिलाय. महारुद्राला."

"कोणी?"

"समुद्रावरल्या लोकांनी. त्यो रत्नागिरीकडं बोटीवर होता न्हवं. एक दिवस जाळं वडलं तं आत ह्यो." त्यांनी टेबलावरच्या डॉल्फिनकडे हात केला. "ह्यो न्हाई, खरा. जित्ता. म्हशीच्या रेडकाएवढा. जाळं कापल्याबिगर निघंना. लेकानं कापलं आन् दिला सोडून. बोटीच्या मालकानं त्याला बंदरावर उतरवून दिलं, म्हनला जाळं तुझ्या बापाचं हाय का. मग ही डॉल्फिनवाली मानसं आली, त्यांनी त्याचा फोटू काढला आन् ह्ये दिलं. त्यानं मला पाठवलं."

"म्हणजे हा विकत घेतलेला नाही," बन्सीधरशेठ म्हणाले, आणि त्यांनी तसे लिहून घेतले. "मग किंमत कशी कळणार?"

"त्याचं काम गेलं की त्याच्यापायी."

'किंमत : नमूद नाही', असे त्यांनी लिहिले.

मग पातेले आले. तात्यारावांनी नग क्रमांक दोनशे चव्वेचाळीस पाण्यात सोडला. तो सरळ तळाशी जाऊन आडवा पडला.

"बुडाला," तात्याराव म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान नव्हते, एवढे मी नमूद करते. "दगडाबाई, डॉल्फिन कधी बुडतो का?"

"जाळ्यात गुतला की बुडतोयच की, मालक," दगडाबाई म्हणाल्या. "मासा न्हाई त्यो. श्वास घ्यायला वर यावं लागतं त्याला, म्हशीवानी. जाळ्यात पाय... पाय न्हाईत म्हना त्याला, पर गुतला की वर येता येत न्हाई. तसाच मरतो. असेच मरतेत म्हनून तं तुमी ठराव केला ना?"

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे प्रत्येक वाक्य बरोबर होते. सदस्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले की मुद्दा विचारार्ह आहे.

"खोटा असंल तं खोटा म्हना, म्याडम," त्या मला म्हणाल्या. "मला कागुद नको. पर लेकानं धाडलेलं हाय, ते तेवढं चपटं करू नका."

मतदान झाले. व्यंकटरावांनी डॉल्फिन हातात धरला, अंगठ्याने पोटावरची रेघ चाचपली आणि तो खरा असल्याचे मत दिले. मग नमुना खरा नाही का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "नमुना बी खरा, ह्यो बी खरा. हाताला कळतं, तोंडाला सांगता येत न्हाई." बन्सीधरशेठ यांचे मत विरोधात. अध्यक्षांना नियमानुसार मत नाही. दत्तरावांना फोन लावला, ते बहुमत कुठे आहे ते विचारू लागले. तेव्हा निर्णय तज्ज्ञ सदस्यावर, म्हणजे माझ्यावर आला, आणि मी तो राखून ठेवला.

राखून ठेवणे ही वैज्ञानिक कृती आहे, टाळाटाळ नव्हे, हे मला स्पष्ट केले पाहिजे. पुढच्या बैठकीत मी निदर्शनास आणले की आज तापमान बावीस अंश आहे आणि मे महिन्यात ते बेचाळीस होते. नायलॉन उष्णतेने प्रसरण पावते. वीस अंशांच्या फरकाने सात सेंटिमीटरचा डॉल्फिन एक दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त लांब होतो. तेव्हा जानेवारीत खरा असलेला डॉल्फिन मे महिन्यात खोटा ठरण्याची शक्यता नाकारता येत नाही. हा मुद्दा सर्वांना फार आवडला आणि तीन बैठका पुरला. नंतर माझी मोजपट्टी तपासून घ्यायची होती. एकदा वीज नव्हती. एकदा पातेल्यात कोणी तरी चहा केला होता. एका बैठकीत मी निर्णय जवळजवळ देणार होते, पण त्या दिवशी गणसंख्या अपुरी निघाली (मीच उशिरा पोहोचले होते). असे करत अकरा बैठका झाल्या. पंधरा दिवसांना एक बैठक धरली तर साडेपाच महिने.

दगडाबाई अकराही बैठकांना आल्या. दारात टोपली, टोपलीवर ओले फडके. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी विचारले, "झालं का, म्याडम?" पुढे विचारणे सोडले. मी आत जाताना त्या फक्त थोड्या बाजूला सरकत. महारुद्र आता तिकडेच एका बर्फाच्या कारखान्यात आहे आणि फोनवर दर वेळी विचारतो की आई, डॉल्फिन दिसतो का गिऱ्हाइकाला; आणि त्या दर वेळी सांगतात की दिसतो. हे मला त्यांनी सांगितले नाही. बाहेर बसून त्या फोनवर बोलत असताना मला ऐकू आले.

या काळात सदस्य मला एकेकटे भेटले. पहिले व्यंकटराव, जिनिंगच्या वजनकाट्यापाशी. "मॅडम, नमुना बोगस हाय. पयल्या दिवशीच हाताला कळलं. पर हार घातल्यावर कसं बोलावं?" मग बन्सीधरशेठ, दुकानात, वही बांधून देताना. "मॅडम, मला जे मागितलं ते मी आणलं. दोनशे बारा घरांत गेलेत. आता खरं बोललो तर मी त्या दोनशे बारा घरांत जेवायला कसा जाऊ?" दत्तरावांनी जिंतूरहून मुद्दाम फोन केला आणि सांगितले की नमुना खोटा आहे असे त्यांना फार दिवसांपासून वाटते, मात्र बाकीच्यांना तसे वाटते का ते आधी कळवावे. शेवटी तात्याराव. गाडीचे दार उघडून ते थांबले.

"तुमाला मुलगी हाय का, मॅडम?"

"आहे."

"लग्न व्हायचंय?"

"हो."

"झाल्यावर कळंल मग. सिग्नलवरचा डॉल्फिन कसा असतो ते मला बी कळतं, पर जावयानं आनलेली वस्तू खोटी म्हनता येत न्हाई. मी बुडवली ती तरंगली, तवाच सुटलो मी."

म्हणजे समितीच्या पाचही सदस्यांना नमुना खोटा असल्याचे ठाऊक होते. शंभर टक्के एकमत असलेली आणि ते कोठेही नोंदलेले नसलेली अशी समिती जिल्ह्यात दुसरी नसावी. प्रत्येकाला वाटत होते की बाकी चौघांचा नमुन्यावर विश्वास आहे आणि तो मोडणे बरे नव्हे. मीही दर बैठकीला सर्वांच्या विश्वासाची काळजी घेत होते. माझ्या घरी टीव्हीशेजारी प्रमाणित सागरसखा आहे. प्रमाणपत्रावर माझीच सही आहे.

या प्रकरणाची बारावी बैठक हंगामाच्या शेवटच्या दिवशी भरली. त्या दुपारी शेवटची गाठ बांधली जाणार होती आणि मग प्रेस पुढच्या हंगामापर्यंत बंद. नियमावलीत तरतूद अशी की हंगाम संपेपर्यंत ज्या नगाचा निर्णय झाला नाही तो खोटा समजून शेवटच्या गाठीसोबत नष्ट करावा. ही तरतूद मसुद्यात मीच सुचवली होती. कोणतेही प्रकरण अनिश्चित राहू नये, असा माझा आग्रह असे.

प्रेसवरचा कामगार दोनदा येऊन विचारून गेला. आत रुई भरून झाली होती. टेबलावर एका बाजूला निळ्या कागदात नमुना, दुसऱ्या बाजूला कागद नसलेला नग क्रमांक दोनशे चव्वेचाळीस. दारात दगडाबाई. आज टोपली नव्हती. बहुधा आज काय होईल हे त्यांनी ठरवून टाकले होते आणि मासे विकायला बसण्याची त्यांची इच्छा नव्हती.

"मालक," त्या दारातूनच म्हणाल्या, "चपटाच करायचा असंल तं करा. पर झाल्यावर त्यो चपटा तरी मला द्या."

नियमात तसे बसते का, हे पाहण्यासाठी बन्सीधरशेठ इतिवृत्ताची पाने उलटू लागले. त्यांना पान सापडेना. ते शोधत राहिले.

तात्यारावांनी घड्याळ पाहिले. "राजेश्री मॅडम. आता मातूर बोला. खरा का खोटा?"

व्यंकटराव खिडकीबाहेर बघत होते. फोनवर दत्तराव होते. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मी वही उघडली. आतापर्यंतच्या वाक्यांपेक्षा वेगळे असे एक वाक्य मला बोलायचे होते आणि त्याला आधार म्हणून लागणारी सर्व माहिती पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत होती.

काही वाचकांना एव्हाना माझा राग आला असेल. तो योग्य आहे. मात्र एक नोंद करते. पत्रकाच्या तिसऱ्या घडीवर काय लिहिले आहे हे मी तुम्हाला आरंभीच सांगितले होते, आणि नमुना तरंगला हेही तेव्हाच सांगितले होते. तुम्हाला त्याच क्षणी कळले. त्यानंतर एकतीस डॉल्फिन तुमच्या डोळ्यांदेखत प्रेसमध्ये गेले, दगडाबाई अकरा वेळा येऊन बसल्या, आणि तुम्ही पुढे वाचत राहिलात. पातेल्यात चहा केल्याचे वाचून थोडे हसलातही. मी तक्रार करत नाही. समितीच्या सदस्यत्वासाठी पात्रता एवढीच आहे, की खरे काय ते माहीत असावे आणि बाकीच्यांच्या तोंडाकडे बघण्याची तयारी असावी. तुमची प्रमाणपत्रे तयार आहेत. सही माझीच आहे.

मी उभी राहिले. उभे राहून बोलण्याचा आमच्याकडे प्रघात नाही, त्यामुळे तात्याराव दचकले.

"नग क्रमांक दोनशे चव्वेचाळीस खरा आहे," मी म्हणाले. "तो बाईंना आत्ताच्या आत्ता परत द्या. नमुना खोटा आहे. त्याच्याशी जुळले ते दोनशे बाराही खोटे आहेत, माझा धरून. आणि आपण दाबून टाकले ते एकतीस खरे होते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."